क्लासच्या भिंतीवरचे ते जपानी आजोबा कोण? (गिचिन फुनाकोशी)

अनघा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

माझी लेक तिसरीत आहे. जूनपासून सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेला जाते. हॉलच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थांचा कृष्णधवल फोटो आहे. मुलं आल्यावर आणि निघताना त्या फोटोसमोर वाकतात. परवा घरी येताना तिने विचारलं, "आई, ते आजोबा कोण आहेत? आपण त्यांच्या पाया का पडतो?" मला काही सांगता येईना. सरांना विचारलं तर म्हणाले, "फुनाकोशी, कराटेचे जनक." तेवढ्यात पुढची बॅच आत आली आणि बोलणं राहिलं.

मग रात्री बसून थोडं वाचलं. जन्म १८६८, पेशाने प्राथमिक शिक्षक, ८८ वर्षांचं आयुष्य. एका गोष्टीपाशी मात्र अडकले. म्हणे त्यांच्या गुरूंकडे एकेका कातावर (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका) तीन-तीन वर्षं काढावी लागत. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग असतं! येत्या रविवारी हिची येलो बेल्टची परीक्षा आहे. हेइयान शोदान हा काता पाठ आहे, पण एका वळणावर दरवेळी पाय चुकतो आणि मग ती गोंधळून माझ्याकडे बघते. सर म्हणतात, होईल पास. मला वाटतंय थांबवावं. घरात यावरून दोन तट पडलेत.

तर दोन प्रश्न. हा माणूस नेमका कोण होता? आणि लेकीला रविवारी बसवू की नको?

---

शशांक_सातारा

छान धागा. वाचतोय.

---

तोक्योकर_मीना

अनघाताई, लेकीने त्यांना आजोबा म्हटलं हे अगदी बरोबर केलं. मी जपानमध्ये १४ वर्षं आहे, माझे दोन्ही मुलगे शोतोकान, म्हणजे फुनाकोशींच्या शैलीचं कराटे, शिकले, त्यामुळे या आजोबांबद्दल बरंच वाचलंय.

पहिली गोष्ट म्हणजे ते ओकिनावाचे. तेव्हा ते र्‍युक्यूचं वेगळं राज्य होतं, राजधानी शुरी. फुनाकोशी शुरीतच जन्मले. १८७९ मध्ये, म्हणजे ते दहा-अकरा वर्षांचे असताना, जपानने ते राज्य खालसा केलं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल, अगदी किरकोळ प्रकृती. हे काही जगत नाही असंच सगळे धरून चालले होते. आईच्या माहेरी आजी-आजोबांनी वाढवलं. आजोबांनी चिनी अभिजात ग्रंथ शिकवले.

डॉक्टर व्हायचं होतं. त्या परीक्षेला १८७० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच बसता येई, म्हणून कागदोपत्री वय दोन वर्षांनी कमी करून घेतलं. परीक्षा पास झाले आणि घोडं अडलं शेंडीवर! सरकारने नव्या काळाला धरून डोक्यावरचा केसांचा बुचडा कापायचा हुकूम काढला होता आणि तो ठेवणाऱ्याला वैद्यकीय शाळेत प्रवेश नव्हता. घरची मंडळी जुन्या वळणाची, बुचडा कापणं म्हणजे कुळाला बट्टा. प्रवेश गेला. पुढे शिक्षकाची नोकरी धरली तेव्हा तो कापावाच लागला. शिक्षक झाल्यावर घरी आले आणि आईने डोकं बघितलं, तेव्हा ती काही न बोलता मागच्या दाराने निघून गेली, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय.

---

जुना_शिक्षक

मीनाताई, शेंडीचं वाचून आपल्याकडचे त्या काळातले वाद आठवले. बोटीतून परदेशी गेला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावायचे तेही हेच दिवस.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, म्हणून मला त्यांच्या मास्तरकीचं अप्रूप जास्त. सुरुवातीचा पगार महिना ३ येन आणि खाणारी तोंडं दहा. दिवसभर शाळा, रात्री कराटे. तेही उघडपणे नाही, ही विद्या तेव्हा लपूनछपून शिकवली जात असे. हातात मिणमिणता कंदील घेऊन आझातो गुरुजींच्या घरी जायचं. शेजाऱ्यांना काही कळेना, हा तरुण मास्तर रोज रात्री जातो कुठे? शेवटी त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की हा नको त्या वस्तीत जातो. फुनाकोशींनी हे स्वतःच लिहून ठेवलंय.

आझातो ओसरीवर ताठ बसायचे आणि अंगणात हा एकच काता पुन्हा पुन्हा करायचा. "पुन्हा." "अजून थोडं." आठवडे जायचे, महिने जायचे. कधीतरी हळूच "छान" एवढा एकच शब्द पदरात पडायचा. तो पडेपर्यंत नवा काता नाही. मी वर्गात पाढे घोटून घेत असे तेव्हा पालक तक्रार करायचे, त्यांना हे सांगायला हवं होतं.

---

वाघनख

सगळं मान्य, पण "जनक" या शब्दाला माझी हरकत आहे. मी २२ वर्षं कराटे करतोय, शोतोकानच करतोय, तरी सांगतो.

फुनाकोशींच्या आधी त्यांचे दुसरे गुरू आंको इतोसू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं ते इतोसूंनी. मुलांना झेपावेत म्हणून पिनान नावाचे पाच काता बांधले तेही त्यांनीच. १९०८ मध्ये शाळांमध्ये कराटे का शिकवावं याची दहा कलमं लिहून दिली. अनघाताई, तुमची लेक करते तो हेइयान शोदान मुळात इतोसूंचा पिनान निदान. फुनाकोशींनी नावं बदलली आणि पहिल्या दोघांचा क्रमही उलटा केला, कारण दुसरा सोपा होता.

त्याच काळात मियागी, माबुनी हे दुसरे ओकिनावी गुरूही होते. आणि चोकी मोतोबू! हा माणूस खरा लढवय्या. १९२२ मध्ये क्योतोत एका परदेशी मुष्टियोद्ध्याला त्याने लोळवलं. १९२५ मध्ये 'किंगु' मासिकात त्याची बातमी आली, मोठा खप असलेलं मासिक, आणि चित्रं कुणाची छापली? फुनाकोशींची! लढला मोतोबू, चेहरा फुनाकोशींचा. दोघांचं आधीच पटत नव्हतं, त्यात हे.

---

तोक्योकर_मीना

वाघनख, इतोसूंबद्दल शंभर टक्के सहमत. फुनाकोशी स्वतःही आयुष्यभर दोन्ही गुरूंचंच नाव घेत राहिले. पण ओकिनावातली विद्या मुख्य जपानात रुजवायला जो माणूस ५३ व्या वर्षी घर सोडून गेला, त्याला काहीतरी म्हणायलाच हवं ना?

मे १९२२. तोक्योत शिक्षण खात्याने शारीरिक शिक्षणाचं पहिलं प्रदर्शन भरवलं, तिथे कराटे दाखवायला यांना पाठवलं. शाळेतून निवृत्त झालेला, चणीने लहान माणूस. ते झाल्यावर परतायचं होतं, पण ज्युदोचे जिगोरो कानो यांनी कोदोकानमध्ये, म्हणजे त्यांच्या ज्युदोच्या शाळेत, प्रात्यक्षिकाला बोलावलं. कानो म्हणजे जपानी शिक्षणक्षेत्रातलं फार मोठं नाव. ते म्हणाले, आम्हाला थोडं शिकवून जा. चित्रकार होआन कोसुगींनीही थांबायचा आग्रह केला. आजोबा थांबले ते थांबलेच.

राहायला जागा मिळाली मेइसेइ जुकूमध्ये. ओकिनावाहून शिकायला आलेल्या मुलांचं वसतिगृह. दिवसा मुलं वर्गात गेली की ज्या खोलीत व्याख्यानं होत तिथे कराटे शिकवायचं. पैसे नाहीत. मग वसतिगृहाची राखण, खोल्यांची झाडलोट, बागेची निगा सगळं स्वतः करायचे. स्वयंपाक्याला कराटे शिकवलं, त्याने त्या बदल्यात जेवणाचे पैसे कमी लावले.

एक दिवस ते अंगण झाडत होते. वृत्तपत्राचा बातमीदार आला. यांनाच गडी समजून विचारलं, "कराटेचे फुनाकोशी कुठे भेटतील?" हे म्हणाले, "थांबा हं, बोलावतो." आत गेले, झाडू ठेवला, कपडे बदलून किमोनो घातला आणि बाहेर येऊन म्हणाले, "नमस्कार, मी फुनाकोशी."

---

मंदार_कट्टा

वा! हा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. मीनाताई, अजून लिहा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

गौरी_नागपूर

आजोबांचं सगळं वाचलं. आजीचं कोण लिहिणार? मी थोडं शोधलं.

त्या ३ येनच्या संसारात ही बाई भल्या पहाटे उठून लांबच्या वाफ्यात भाजी पिकवायला जायची आणि रात्री जागून माग चालवायची. नवरा कराटेत वेळ घालवतो म्हणून कुरकुर नाही. उलट बघून बघून स्वतःही शिकली. फार दमली की पडून राहण्याऐवजी अंगणात जाऊन काता करायची! फुनाकोशी लिहितात की तिचं कौशल्य जाणकाराच्या तोडीचं झालं होतं. शेजारी दारुडे भांडले तर लोक हिला बोलवायचे आणि ती समजुतीच्या गोष्टी सांगून सोडवायची.

नवरा तोक्योला गेला. तिला चल म्हटलं, पण घरच्या पूर्वजांची पूजा मागे कोण करणार, म्हणून ती गेली नाही. वर्षानुवर्षं दोघं दोन टोकांना. १९४५ मध्ये ओकिनावावर युद्ध आलं, तिला क्यूशूत ओइता इथे आसरा घ्यावा लागला. तेव्हा कुठे म्हातारपणी नवरा-बायको एकत्र आली. ती १९४७ मध्ये गेली. अस्थी घेऊन आजोबा तोक्योला निघाले, तर वाटेतल्या स्टेशनांवर जुने विद्यार्थी सांत्वनाला येऊन उभे होते.

अनघाताई, लेकीला हेही सांगा. भिंतीवर फोटो एकाचाच असला तरी.

---

अनघा_डोंबिवली

गौरी, वाचताना डोळ्यात पाणी आलं. दमल्यावर काता करणारी बाई. हे मी तिला नक्की सांगणार.

---

संस्कृतानुरागी

एक अवांतर, पण आपल्या जवळचं.

कराटे हे पूर्वी ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ 'चिनी हात'. फुनाकोशींनी पहिलं चिन्ह बदललं, उच्चार तोच ठेवला, अर्थ झाला 'रिकामा हात'. याला आधार म्हणून त्यांनी बौद्ध सूत्रातलं वचन दिलं, जपानीत 'शिकी सोकु झे कू, कू सोकु झे शिकी'. हे प्रज्ञापारमिताहृदय सूत्र. मूळ संस्कृत: रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्. म्हणजे कराटेतला 'कारा' हे आपलं शून्य आहे. नुसतं हातात शस्त्र नाही एवढंच नव्हे, मनातही स्वार्थ आणि वैर नको.

डोंबिवलीच्या हॉलमध्ये मुलं कराटे म्हणतात तेव्हा शून्यच म्हणतात, याचा मला फार आनंद होतो.

---

वाघनख

संस्कृतानुरागी, सुंदर माहिती. पण दुसरी बाजूही मांडतो. रिकामा हात हे लिखाण हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्येच वापरलं होतं, फुनाकोशींनी ते रूढ केलं. आणि काळ कोणता? १९३० चं दशक. चीनशी युद्धाचे दिवस, जपानमध्ये 'चिनी' काहीही चालणार नव्हतं. २५ ऑक्टोबर १९३६ ला नाहा शहरातल्या बैठकीत ओकिनावाच्या गुरूंनीही नवं लिखाण मान्य केलं. काही जणांना ते रुचलं नव्हतं. कारण ही विद्या चीनकडून आली हे ओकिनावाला कधीच लपवायचं नव्हतं. तो दिवस आता ओकिनावात कराटे दिन म्हणून पाळतात.

---

तोक्योकर_मीना

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, वाघनख. काळाचा रेटा होता आणि त्यांची श्रद्धाही होती. पांढरा पोशाख आणि बेल्ट हे ज्युदोकडून घेतलं, पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ मध्ये दिले. त्याच वर्षी केइओ विद्यापीठात पहिला विद्यापीठीय कराटे क्लब निघाला. कानोंचे उपकार मात्र विसरले नाहीत. शिष्य सांगत की कोदोकानवरून जाताना ते मान लववत.

---

बारक्या_गिरगाव

आमचा पाच वर्षांचा भाचा "इची, नी, सान, शी" म्हणत चाळीचा जिना चढतो. दहाच्या पुढे येत नाही म्हणून अकराव्या पायरीला पुन्हा इची. शेजारच्या आजींनाही आता दहापर्यंत जपानी येतं :)

---

सेन्सेई_कोल्हापूर

मी कोल्हापुरात क्लास घेतो, १८ वर्षं झाली. अनघाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

पहिलं, रविवारी बसवायचं की नाही हे एका वळणावर ठरवू नका, पण ते वळण सुधारल्याशिवाय सोडूही नका. हेइयान शोदानमध्ये २१ हालचाली आहेत. लेक कुठे अडखळते ते न बघता सांगतो: तीन वेळा हात वर घेऊन अडवायचा, तिसऱ्याला किआय (जोरात आरोळी), आणि त्यानंतरचं पाऊण फेऱ्याचं वळण. दहातली आठ मुलं तिथेच चुकतात. कारण किआयच्या जोरात वजन दोन्ही पायांवर सांडतं आणि कुठला पाय हलवायचा तेच कळत नाही. उजवा पाय पुढे असतो, तो खिळा. डावा मागून फिरून जातो. घरी फरशीच्या एका चौकोनात उजव्या पायाखाली खडूने फुली मारा. फुली पुसली न जाता वळता आलं की झालं. आधी डोकं वळवायचं, मग पाय. आणि वळताना तुम्ही समोर उभ्या राहू नका, ती तुमच्याकडे बघते असं तुम्हीच लिहिलंय.

दुसरं, तीन वर्षांचं. आझातोंच्या अंगणात एक किंवा दोन शिष्य होते. माझ्या हॉलमध्ये ३५ मुलं असतात, पावसाळ्यात पत्रा वाजतो तेव्हा माझा आवाज शेवटच्या रांगेला जात नाही. परीक्षा ठेवली नाही तर निम्मी मुलं दिवाळीनंतर दिसत नाहीत. बेल्ट हे मुलांना धरून ठेवायचं साधन आहे आणि मला त्यात लाज वाटत नाही. पण बेल्ट मिळाल्यावर जुना काता सोडायचा नाही, हा माझा नियम. ब्लॅक बेल्टची मुलंही दर तासाला हेइयान शोदानपासून सुरुवात करतात.

---

जुना_शिक्षक

सेन्सेई, सलाम. पाढ्यांचंही असंच.

---

स्नेहा_ठाणे

माझा अनुभव वेगळा. माझ्या मुलाच्या आधीच्या क्लासमध्ये काता कसाही केला तरी बेल्ट मिळे, फी भरली की झालं. ब्राऊन बेल्टला आल्यावर दुसऱ्या गावी बदली झाली आणि नव्या सरांनी त्याला दोन बेल्ट खाली बसवलं. चौदा वर्षांचं पोर रात्रभर रडलं. त्यामुळे अनघाताई, तुमची शंका रास्त आहे, मनात दाबू नका.

---

मुक्ता_पणजी

मला एक विचारायचंय. फुनाकोशींचं ते प्रसिद्ध वचन, कराटेत पहिला वार नसतो. मुलींना हे शिकवायचं का? एवीतेवी त्यांना सगळं जग "तू गप्प बस" हेच सांगतं.

---

तोक्योकर_मीना

मुक्ता, हा प्रश्न मलाही पडला होता. मागच्या शरद ऋतूत कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरात गेले होते. तिथे १९६८ मध्ये उभारलेलं फुनाकोशींचं स्मारक आहे, दगडावर तेच वाक्य: 'कराटे नी सेंते नाशी'. बराच वेळ तिथे उभी होते. देवदाराखाली गारवा होता, कुणी जपानी आजी येऊन पाण्याने दगड पुसून गेल्या.

मला वाटतं, ते हात न उचलण्याबद्दल नाही. कुरापत काढू नये याबद्दल आहे. त्यांचा तरुणपणीचा प्रसंग आहे. पूर्वजांना दाखवायच्या नैवेद्याची मांजू, म्हणजे गोड पुरणाचे उंडे, घेऊन जात असताना वाटेत दोघा लुटारूंनी अडवलं. यांनी उंडे देऊन टाकले आणि निघून आले. गुरूंना सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. आणि दुसरा प्रसंग युद्धानंतरचा. वय ऐंशीच्या घरात, रात्री एकाने वाटेत गाठलं. यांनी त्याला नको तिथे असं पकडलं की तो हलू शकला नाही, मग पोलिसाच्या ताब्यात दिलं. बघणाऱ्याला वाटेल शौर्य, पण त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तसं त्यांनी लिहिलं.

---

मुक्ता_पणजी

लाज वाटली हे मला पटत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःला वाचवलं, त्यात लाज कसली? माझ्या मुलीने असं केलं तर मी पेढे वाटीन. पण उंड्यांची गोष्ट आवडली. आणि गौरीने लिहिलेली आजींची त्याहून जास्त.

---

वाघनख

मुक्ता, सहमत. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही. त्यांना स्पर्धा नको होत्या. १९२९ च्या सुमारास तोक्यो इंपीरियल विद्यापीठातली मुलं अंगाला संरक्षक बांधून खुली झुंज खेळायला लागली, तेव्हा यांनी तिथे शिकवणंच सोडलं. २६ एप्रिल १९५७ ला ते गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पण मी स्पर्धेतूनच घडलो. आणि २०२१ मध्ये तोक्योच्या बुदोकान सभागृहात ऑलिंपिकचं कातामधलं पुरुषांचं सुवर्ण ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने घेतलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि ज्यावर मी सुरुवातीला वाद घातला त्याच माणसाची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिष्यांनी वर्गणी काढून तोक्योत त्यांच्यासाठी स्वतंत्र डोजो (कराटे शिकायची जागा) बांधला, १९३९ मध्ये. 'शोतो' हे त्यांचं कवितेचं टोपणनाव, अर्थ पाइनच्या झाडांतून वाऱ्याची लाटांसारखी सळसळ. शुरीजवळच्या तोराओ डोंगरावर ते ती ऐकत फिरायचे. म्हणून शोतो-कान. सत्तराव्या वर्षी मिळालेली पहिली हक्काची जागा. सहा वर्षांत बॉम्बहल्ल्यात जळून गेली. त्याच १९४५ मध्ये मुलगा योशिताका क्षयाने गेला, जो डोजोचा कणा होता. बायको दोन वर्षांनी. त्यानंतरही हा माणूस उठून परत शिकवायला गेला.

---

मंदार_कट्टा

वाघनख, "जनक" वरून भांडणाऱ्याने हे लिहिलं म्हणून जास्त भिडलं.

---

अनघा_डोंबिवली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशीर झाला, पण हकीकत सांगायलाच हवी.

सेन्सेईंनी सांगितलं तशी स्वयंपाकघरात फुली मारली. अगदी तेच वळण होतं! बुधवारपर्यंत फुली दरवेळी पुसली जात होती. शुक्रवारी संध्याकाळी एकदा अख्खी राहिली, मग लागोपाठ चारदा. रविवारी बसवायचं की नाही ते मी तिच्यावर सोडलं. आजोबांच्या अंगणाची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, "मी बसते, पण पास झाले तरी फुली पुसायची नाही."

परीक्षेत वळण नीट आलं. पुढच्याच हालचालीला घाईत पाय जवळ पडला, पण सावरलं. येलो बेल्ट मिळाला. फुली अजून आहे, भांडी घासणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवलंय.

सरांशी बोलले. तेही मोकळेपणाने बोलले, त्यांनाही वेळ नसतो म्हणून मुलांना हे सांगायचं राहून जातं. ठरलंय की दर शनिवारी शेवटची पाच मिनिटं गोष्टीची. पहिल्या शनिवारी झाडूची गोष्ट झाली, येत्या शनिवारी आजींची. फोटोखाली नावाची पट्टीही लावायची आहे. मीनाताई, देवनागरीत नाव नेमकं कसं लिहू?

---

तोक्योकर_मीना

फुनाकोशी गिचिन. तिकडे आडनाव आधी असतं, पण आपल्या मुलांसाठी गिचिन फुनाकोशी लिहिलंत तरी चालेल. 'ना' दीर्घ, 'फुनकोशी' नको. खाली १८६८ ते १९५७ घाला. आणि जागा उरली तर 'शुरी, ओकिनावा' एवढं नक्की लिहा, वाघनखांनाही बरं वाटेल.